जपून ठेवलेलं केशरी कार्ड

फडतऱ्यांच्या घरात वस्तू हरवत नसत, त्या जपून ठेवलेल्या असत. हरवलेली वस्तू आज ना उद्या सापडते. जपून ठेवलेली वस्तू शोधून काढणं ब्रह्मदेवालाही जमत नाही, कारण जो ती ठेवतो त्याला आपण ठेवली हेच आठवत नसतं, आणि सगळे जिच्यावर आळ घेतात तिने ती ठेवलेलीच नसते. जानेवारीअखेरच्या एका रविवारी फडतऱ्यांच्या घरातून रेशनकार्ड गेल्याचं कळलं, ते असं.

बाबासो फडतरे हे जुईनगरच्या सोनचाफा सोसायटीचे सेक्रेटरी. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचं वजन केल्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःचं वजन वाढवणं त्यांना भाग होतं, आणि ते त्यांनी नोटिसा लावून वाढवलं. 'जिन्यात चपला काढू नयेत.' 'कुंड्यांचं पाणी खाली सांडू नये.' शेजारच्या गोटीराम पाटलांनी सुक्या जवळ्याची गोणी लिफ्टमधून नेली आणि पुढचे आठ दिवस अख्खी सोसायटी नाकाला रुमाल लावून वर-खाली करू लागली, तेव्हा तर बाबासोंनी जाड पेनाने लिहून गेटवरच चिकटवलं: 'गोणी, पोती व तत्सम माल मागील गेटनेच न्यावा. अपवाद चालणार नाही. – सेक्रेटरी.'

अशा माणसाच्या घरी रेशन येतं हे कोणाला कळून कसं चालेल? कार्ड केशरी होतं. त्यावरचं उत्पन्न कधीतरी मागच्या शतकात लिहिलेलं होतं, आणि फडतऱ्यांच्या घरात सगळ्यांचे केस पांढरे झाले तरी ते उत्पन्न तसंच चिरतरुण राहिलं होतं. महिन्याच्या दहा तारखेला बाबासोंची बायको शालन शेजारच्या सेक्टरातल्या रेशन दुकानात जाऊन मशीनवर अंगठा देई आणि गहू-तांदूळ घेई. बाबासो कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या आडोशाला मॉलची चकचकीत पिशवी घेऊन उभे राहत. तिथे धान्याचं वेषांतर होई आणि मग दोघं पुढच्या गेटने असे येत, की बघणाऱ्याला वाटावं, यांनी परदेशी बिस्किटं आणली.

हे सगळं चाले ते बाबासोंच्या आईमुळे. बाळाबाई एक्क्याऐंशीच्या. त्यांच्या कुरडयांची कीर्ती जुईनगरात तीन सोसायट्या ओलांडून गेलेली होती आणि त्या कुरडया रेशनच्याच गव्हाच्या होत्या. "त्या गव्हाला चीक सुटतो. तुमचा तो पॉलिशचा गहू नुसता दिसायला गोरा," असं त्यांचं मत होतं. त्यामुळे गोटीराम पाटलांसकट सगळी सोसायटी गेली कित्येक वर्षं रेशनचं धान्य तळून खात होती आणि बाबासोंना शाबासकी देत होती.

घरात किमती म्हणाव्यात अशा वस्तू दोनच. एक शालनच्या माहेरच्या पाटल्या आणि दुसरं हे कार्ड. पाटल्या बँकेच्या लॉकरात राहत आणि कार्ड बाळाबाईंच्या ट्रंकेतल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. दिवाळीत दोघांनाही हळदकुंकू लागे. सोन्यानं अंग सजतं, पोट या पुस्तकानं भरतं, हा बाळाबाईंचा हिशेब होता. अंगठ्यावर धान्य मिळायला लागल्यापासून एरवी कार्डाचं तोंड कोणी पाहत नसे. पण त्या जानेवारीत दुकानदाराने शालनला सांगितलं, "वहिनी, सगळ्यांची केवायसी करायचीय. मूळ कार्ड आणा. फेब्रुवारी संपायच्या आत झालं नाही, तर नावं उडतील."

डबा उघडला, तर आत बिस्किटांचा वास होता आणि कार्ड नव्हतं.

मग जो शोध सुरू झाला, त्यात मुलगा रणजीतच्या शाळेतलं प्रगतिपुस्तक सापडलं, जे त्याने नववीत 'हरवलं' म्हणून सांगितलं होतं. रणजीतला आता स्वतःची दाढी होती, तरी त्या दिवशी त्याला बोलणी बसली. बाबासोंच्या लग्नातल्या फेट्याचा तुकडा सापडला. तीन कुलपं सापडली, त्यांच्या किल्ल्या नाहीत, आणि पाच किल्ल्या सापडल्या, ज्या त्या कुलपांना लागेनात. कार्ड तेवढं सापडलं नाही.

"आई, तूच कुठंतरी ठेवलंस," बाबासो म्हणाले.

"माज्या डब्यात व्हतं. मी हलवलं न्हाई."

"आठव जरा. वयामुळं होतं असं."

"वय माजं झालंय बाबासो, डब्याचं न्हाई," बाळाबाई म्हणाल्या, पण आवाज जरा खाली गेला होता. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोणी 'आठव' म्हटलं की त्याला स्वतःचीच शंका यायला लागते. त्या दुपारी त्यांनी तो रिकामा डबा चार वेळा उघडून पाहिला.

एवढ्यात गोटीराम पाटील चहाला आले. गोटीराम मूळचे खाडीकाठच्या गावातले, बोलीही आगरी. शेती गेली, तिच्या बदल्यात सोसायटीत दोन फ्लॅट आले आणि सल्ले द्यायला भरपूर वेळ आला. नवी मुंबईतल्या प्रत्येक ऑफिसात त्यांचा एकेक माणूस होता.

"काय जाला सेक्रेटरी? घर कनाला उसकटलाय?"

"काही नाही हो. बँकेचं पासबुक मिळेना."

"रेशनकार्ड हरवलंय!" आतून बाळाबाईंचा आवाज आला. त्या कधी खोटं बोलत नसत, ही त्यांची एकच वाईट खोड.

गोटीरामनी बशी खाली ठेवली. बाबासोंकडे पाहिलं. दाराआड लोंबणाऱ्या मॉलच्या पिशवीकडे पाहिलं. या माणसाच्या डोक्यात बेरजा फार लवकर होत.

"येवरा टेन्शन कनाला घेतास?" ते अत्यंत प्रेमाने म्हणाले. "पयली पोलीस कंप्लेंट कर. मंग रेशनिंग ऑफिस. थय आपला मानूस हाय. आन मी कनाला सांगीन कोनाला?"

संध्याकाळपर्यंत खालचा इस्त्रीवाला बाबासोंना "कार्ड सापडलं का साहेब?" असं विचारत होता.

दुसऱ्या दिवशी बाबासो पोलीस ठाण्यात गेले. हवालदार भला माणूस होता, पण कायद्याचा पक्का.

"कुठं हरवलं?"

"घरात."

"मग ते हरवलं नाही काका, सापडलं नाही. घरात सापडत नाही त्याची आम्ही नोंद घेत नसतो. सगळ्या गावाचे चष्मे इथं येतील. रस्त्यात हरवलं का?"

बाबासोंनी क्षणभर विचार केला आणि आयुष्यातलं पहिलं सरकारी खोटं बोलले. "हो. आईच्या हातून पडलं. मार्केटकडून घरी येताना."

"पुलाच्या अलीकडं की पलीकडं?"

"पलीकडं."

"ती हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिकडं जा."

ऊन फार होतं. बाबासोंनी ते कार्ड मनातल्या मनात उचललं, पूल ओलांडला आणि अलीकडे आणून परत पाडलं. हवालदाराने समाधानाने शिक्का मारला.

रेशनिंग ऑफिसात गोटीरामचा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. खिडकीत मोनाली मॅडम होत्या. वयाने रणजीतएवढ्या, पण चष्म्यावरून बघायची पद्धत अशी, की समोरच्याने आपसूक खिसे चाचपावेत.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"मीच," बाबासो म्हणाले आणि छाती जितकी पुढे येते तितकी आणली.

मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "नाही. कुटुंबप्रमुख बाळाबाई मारुती फडतरे. तुम्ही क्रमांक दोन. नातं, मुलगा."

"अहो, मी घरातला कर्ता आहे. सोसायटीचा सेक्रेटरी आहे."

"इथं सोसायटीचा कॉलम नाही काका. घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, कायदाच आहे. त्यांना घेऊन या. अंगठा त्यांचा लागेल. सोबत पोलीस दाखला, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. दहा-बारा वर्षं आपण आपल्याच घरात दोन नंबरला आहोत आणि हे आपल्याला सोडून सरकारला ठाऊक होतं, याचं बाबासोंना फार लागलं. घरी येताना त्यांनी ही बातमी आईला सांगायची नाही असं ठरवलं. पण 'तू का यायचंस' हे सांगितल्याशिवाय बाळाबाई रिक्षात बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून सांगावी लागली.

"म्हंजी पयलं नाव माजं?" त्यांनी विचारलं.

"कागदोपत्री गं."

"घर तुज्या नावावर, लाइटबिल तुज्या नावावर, गावाकडची जमीन दिराच्या नावावर." बाळाबाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. "आन कार्ड माज्या नावावर. कुनी बोललं न्हाई कधी."

गुरुवारी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, कपाळावर बुक्का लावला आणि रेशनिंग ऑफिसला लग्नाला निघाल्यासारख्या निघाल्या.

ऑफिसच्या बाहेर बदामाच्या झाडाखाली टेबल टाकून बाजीराव बसत असे. अर्ज लिहिणं, प्रतिज्ञापत्रं करणं हा त्याचा धंदा. त्याने बाबासोंची बोली ऐकली आणि विचारलं, "पावनं, गाव कुठलं?" दोघांचाही साताऱ्याचा कोरेगाव तालुका निघाला. मग दोघांच्या मधे तीन आत्या आणि एक मोडलेलं लग्न निघालं आणि बाजीरावने खास आपला माणूस म्हणून प्रतिज्ञापत्र सजवून लिहिलं. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची त्याला सवय होती.

"...सदर शिधापत्रिका माझी आई, वय एक्क्याऐंशी, हिच्या निष्काळजीपणामुळे रस्त्यात गहाळ झाली असून..."

"निष्काळजीपणा कशाला?" बाबासो हळूच म्हणाले.

"त्याशिवाय अर्जाला वजन येत न्हाई पावनं. करा सही."

बाळाबाई शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांनी बाबासोंकडे नुसतं पाहिलं. बाबासोंनी सही केली.

वर खिडकीत मोनाली मॅडमनी मशीन पुढे केलं. बाळाबाईंनी अंगठा ठेवला. मशीन लाल झालं. दुसरा अंगठा, लाल. मग तर्जनी, मग मधली, अशी दहाही बोटं झाली. मशीनला या बाईच्या हाताला बोटं आहेत हेच पटेना.

"आजी, काय काम करायचात?"

"लसून, बटाटा निवडायची गं बाई. मार्केटला. तीस वर्सं."

"रेषाच राहिल्या नाहीत. झिजल्यात सगळ्या."

एवढं ऐकल्यावर रांगेला राहवेना. आपल्याकडे माणूस स्वतःच्या कामासाठी तासभर गप्प उभा राहील, पण दुसऱ्याच्या अंगठ्याविषयी त्याला मत असतंच. एक म्हणाला, केसांवर घासा, तेल लागलं की उमटतं. एक म्हणाला, तेल पुसून टाका, तेलानंच अडतं. एका बाईंनी पर्समधून कोल्ड क्रीम काढलं. बाळाबाईंनी सगळ्यांचं ऐकलं आणि मशीनने कोणाचंच ऐकलं नाही.

घरी गोटीरामचा उपाय वेगळा होता. "लिंबू! रातचा लिंबू लाव, सकाली मीठ. आमच्या म्हातारीचा असाच आला." झालं, आठ दिवस बाळाबाईंच्या अंगठ्यावर लिंबू, मीठ, साय आणि ग्लिसरीन यांचे प्रयोग झाले. सोसायटीतून रोज कोणीतरी अंगठा बघायला येई. बाबासोंनी हयातभर जपलेलं गुपित आता दाराबाहेर चपला काढून आत येत होतं आणि चहा पिऊन जात होतं. जिन्यात चपला नकोत ही नोटीस कोणी पाळेना आणि बाबासोंचीही कोणाला टोकायची छाती होईना. आठ दिवसांनी अंगठा इतका गुळगुळीत झाला, की पूर्वी ऑफिसातलं मशीन निदान लाल होई, आता रेशन दुकानातलं मशीन काहीच होईना.

तेव्हा बदामाखाली बाजीरावने बाबासोंना बाजूला घेतलं. पण त्याचं बाजूला घेणंही दहा फुटांवर ऐकू जाई. "पावनं, कशाला म्हातारीचे हाल करताय? सोपं काम हाय. आजीचं नाव कमी करून टाका. वहिनीस्नी प्रमुख करा. वहिनींचा अंगठा लागतोय न्हवं? लगीच नवं कार्ड."

फेब्रुवारीची तारीख विसावर गेली होती. आणखी आठ दिवसांत सगळ्यांचीच नावं उडणार होती. बाबासो दमले होते. आणि खरं सांगायचं, तर त्यांना हेही वाटून गेलं, की शालन एक नंबर झाली तर निदान ती आपलं ऐकेल. हा त्यांचा भ्रम होता, पण त्या क्षणी त्याचा आधार वाटला. "भरा फॉर्म," ते म्हणाले.

बाजीराव वाचत वाचत भरू लागला. "नाव कमी करावयाच्या व्यक्तीचे नाव, बाळाबाई मारुती फडतरे. नाव कमी करण्याचे कारण. मृत्यू, विवाह, स्थलांतर. यांपैकी एकावर खूण करावी."

"परत वाच रं," बाळाबाई स्टुलावरून म्हणाल्या.

बाजीरावने वाचलं.

"यातली मी कंची?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मेले न्हाई. लगीन व्हायचं वय न्हाई. आन तुज्या घरातनं हलले न्हाई, बाबासो."

"आजी, ते नुसतं लिहायचं असतं. स्थलांतर लिहू. गावी गेली म्हणू."

बाळाबाई उठल्या. काठी घेतली आणि रिक्षाच्या दिशेने चालू लागल्या. घरी आल्या, ट्रंक पलंगाखालून ओढली आणि लुगडी भरू लागल्या. दोन लुगडी, पोथी, औषधाच्या गोळ्या आणि तो रिकामा बिस्किटांचा डबा.

"आई, काय करतीयस?"

"गावाला जाते. तू कागदावर लावलंच हाईस, तर खोटं कशापाई पडू दिऊ?"

गावाला कोणाकडे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दीर वारले होते, त्यांची पोरं ओळख देत नव्हती, घराला कुलूप होतं. या बाईने नवऱ्यामागं मार्केटच्या गाळ्यात उकिडवं बसून बटाटे निवडले, त्यावर आपण शिकलो, तोलणार झालो, सेक्रेटरी झालो. आणि तिचे तेच हात झिजले म्हणून आपण तिला कमी करायला निघालो. बाबासोंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. रसवंतीच्या आडोशालासुद्धा नाही.

शालनने सासूच्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मला नको तुमचं प्रमुखपद. या घरात भांडी घासून माझा अंगठा कुठं शाबूत राहणार आहे? दहा वर्षांनी रणजीत मला कमी करेल."

बाबासोंनी खिशातला फॉर्म फाडला आणि तसेच रेशनिंग ऑफिसला निघाले. रिक्षात त्यांनी भाषण तयार केलं. खिडकीत पोचल्यावर ते सुरूही केलं. "मॅडम, ज्या हातांनी अख्ख्या मुंबईचा बटाटा निवडला, त्या हातांना तुमचं मशीन ओळखत नसेल, तर दोष हातांचा नाही! माझ्या आईचं नाव पहिलं आहे आणि पहिलंच राहील! मी इथून हलणार नाही! मी उपोषणाला..."

"काका," मोनाली मॅडम म्हणाल्या, "डोळ्याचं मशीन आलंय की. मागच्या महिन्यात. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांचा डोळा घेतो आम्ही."

बाबासोंचा हात हवेतच राहिला. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी सांगायला उठले, तर रांगेतले सगळे आजींच्या अंगठ्याला क्रीम लावत होते. नंतर तुम्ही खिडकीवर आलातच कुठं? झाडाखालूनच परत जाता."

हे मात्र खरं होतं. त्यांनी गोटीरामला विचारलं, बाजीरावला विचारलं, इस्त्रीवाल्याचंही ऐकून घेतलं. जिचं ते काम होतं त्या खिडकीतल्या मॅडमना सोडून सगळ्या नवी मुंबईला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाळाबाई मशीनसमोर बसल्या.

"ह्याला काय दावायचं?"

"काही नाही आजी. नुसतं बघा."

बाळाबाईंनी बघितलं. तीस वर्षं ढिगातला सडका बटाटा ज्या नजरेने हुडकला त्याच नजरेने बघितलं. मशीनने एका दमात माघार घेतली आणि हिरवं झालं. चार दिवसांनी कार्डाची दुसरी प्रत हातात आली. त्यावर पहिलं नाव बाळाबाईंचं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी शालनकडून आपलं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवून घेतलं आणि ट्रंकेतली लुगडी परत फळीवर ठेवली.

इथे ही गोष्ट संपली असती, तर बाबासोंचं बरंच भलं झालं असतं.

मार्चमध्ये शालनच्या भाचीचं खांदेश्वरला लग्न निघालं. पाटल्या काढायला नवरा-बायको बँकेत गेले. लॉकर उघडला, लाल फडक्याचं गाठोडं काढलं, शालनने गाठ सोडली. आत पाटल्या होत्या. चांदीचं नाणं होतं. आणि त्यांच्या खाली, वाळलेली हळद आणि कुंकू अंगाला लागलेलं, झेंडूची एक पाकळी चिकटलेलं केशरी कार्ड होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पाटावरचं सगळं एकत्र गुंडाळून लॉकरात कोणी ठेवलं होतं? बायकांच्या हातात दागिने देऊन चालत नाही, त्या कुठेही ठेवतात, असं म्हणून ते गाठोडं स्वतः कोण घेऊन आलं होतं? शालनने हे प्रश्न विचारले नाहीत. ती लॉकरच्या खोलीत खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसू लागली. बाहेर बसलेल्या बँकेच्या बाईंना वाटलं, दागिने गेले म्हणून रडतेय.

बाबासोंच्या डोळ्यांपुढे पोलीस दाखला आला, प्रतिज्ञापत्र आलं, त्यातला तो एक शब्द आला. "इथंच ठेवू," ते कुजबुजले. "याच्याइतकी सुरक्षित जागा नाही. कोणाला कळणार नाही."

शालनने डोळे पुसले. "मी सांगणार नाही. पण आत्याबाई अजून तो रिकामा डबा उघडून बघतात. परवा मला विचारत होत्या, माझ्या डोक्याचं काही तपासायचं का म्हणून."

बाबासो उभे राहिले. मग कार्ड खिशात घालून घरी आले.

घरी गॅलरीत बाळाबाई भिजवलेल्या गव्हाचं पाणी बदलत होत्या आणि गोटीराम पाटील कुरडयांच्या आशेने आधीच येऊन बसले होते. बाबासोंना वाटलं, हा माणूस जाईपर्यंत थांबावं. पण गोटीराम कुरडई खाल्ल्याशिवाय जात नसत, आणि कुरडया वाळायला तीन दिवस होते. बाबासोंनी कार्ड आईपुढे धरलं.

बाळाबाईंनी ओले हात पुसले. कार्डावरची हळद बोटाने चाचपली. "ही तर दिवाळीची. कुठं व्हतं?"

"लॉकरात. पाटल्यांच्या गाठोड्यात."

"कुनी ठेवलं?"

"मी," बाबासो म्हणाले. "चुकलो आई. तुझ्यावर ढकललं."

"आर्रर्र, सेक्रेटरी!" गोटीरामना इतका आनंद आयुष्यात जमिनीचा मोबदला मिळाला तेव्हाही झाला नसेल.

बाळाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक लांब श्वास सोडला, जणू दोन महिने तो धरून ठेवला होता. "म्हंजी माजं डोस्कं जाग्यावर हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि कुटुंबप्रमुख म्हणून निकाल दिला.

"हे जुनं त्या पोरीला नेऊन दे आन काय झालं ते खरं सांग. आन आता दर महिन्याला रेशन तू आनायचं. शालननं न्हाई. त्या मॉलच्या पिशवीतनं न्हाई. गोनीत घालून, खांद्यावरनं, म्होरल्या दारानं."

मोनाली मॅडमनी जुनं कार्ड घेतलं, सगळी हकिकत ऐकली, तसा जबाब लिहून घेतला, कार्डावर तिरकी रेघ मारली आणि बाबासो जाईपर्यंत हसू दाबून धरलं. त्यांचे हे उपकार बाबासो विसरले नाहीत.

दहा एप्रिलला भर अकरा वाजता बाबासो फडतरे खांद्यावर गोणी घेऊन शेजारच्या सेक्टरातून निघाले. रसवंतीवाल्याने हाक मारली, ते थांबले नाहीत. सोसायटीच्या पुढच्या गेटशी आले, तर नवा वॉचमन आडवा आला. कालच कामावर लागलेला, साताऱ्याकडचाच, नोटिसा नीट पाठ केलेला गडी.

"ओ काका! माल मागच्या गेटनं."

"अरे, मी सेक्रेटरी आहे."

"सगळे असंच म्हणत्यात. हे बघा, सेक्रेटरीसाहेबांनीच लिहिलंय. अपवाद चालणार नाही."

बाबासोंनी मान वळवून आपलं वळणदार अक्षर पाहिलं. गोणी खांद्याला रुतत होती. गॅलऱ्यांमधून माणसं जमू लागली. गोटीराम तर खुर्ची घेऊनच बाहेर आले होते आणि ओळख पटवून द्यायची त्यांना काडीचीही घाई नव्हती. ओळख सांगायला बाबासोंनी खिशात हात घातला, तर हाताला नवं रेशनकार्ड लागलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कुरडयांच्या साच्यावरून हात न काढता, बाळाबाई वाकल्या.

"सोड रं त्याला," त्या वरून ओरडल्या. "माज्या कार्डावरचा हाय."